खडूच्या खुणा

“साडेतीन तास होतीस कुठे?”

“झोपले होते.”

“झोपायला घरात पलंग नाही?”

“आहे ना. त्यावर तुमचा भाऊ आहे.”

नणंदेच्या हातातलं ओलं फडकं तसंच टपटपत राहिलं. टेलरबाईंनी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

चौदा महिने झाले, नवऱ्याचं मानेखाली काही हलत नाही. जीभ तेवढी शाबूत. दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, नाहीतर जखमा होतात. बाई पलंगाच्या फळीवर शिवणाच्या खडूने लिहून ठेवायच्या: डावी, उजवी, पाठ आणि प्रत्येकापुढे वेळ. एकदा दवाखान्यातच चक्कर येऊन पडल्या, तेव्हा नर्सने झापलं, “तुम्हीच आडव्या झालात तर यांचं कोण करणार? आठवड्यातून चार तास सुटी घ्याच.” तेव्हापासून दर गुरुवारी दोन ते सहा नणंद बसायची आणि बाई दुकान आतून लावून कापड बेतायच्या टेबलावर झोपायच्या. नणंदेला वाटायचं, शिवणकाम उरकतात. आजचा तिसरा गुरुवार; अर्धा तास आधीच जाग आली.

“खुणा कुठे गेल्या, ताई?”

“पुसल्या. केवढं बरबटवलंय! आल्यागेल्याने काय म्हणावं?”

“कूस कधी बदललीत?”

नणंद फडक्याची घडी घालू लागली.

“मी आठवण करून दिली,” नवरा म्हणाला. “तर म्हणे, थांब, आधी पंखा पुसते. सगळी धूळ माझ्या तोंडावर.”

बाईंनी चादर ओढली. एक वाजल्यापासून तो उजव्याच कुशीवर होता. खुब्यावर लालभडक चट्टा.

“स्वच्छता करायला बोलावलं होतं तुम्हाला?” त्याला डावीकडे वळवताना बाईंचा आवाज चिरकला. “दोनदा हात लावायचा होता. फक्त दोनदा!”

“चुकलं बाई. पण ही कामं बायकोचीच. आमची आई सहा वर्षं वडिलांपासून हलली नाही.”

“आणि त्यांच्याआधी गेली. ते का नाही सांगत?”

नणंद पुन्हा फळी पुसायला वाकली.

“ताई,” नवरा हळूच म्हणाला, “फडकं ठेव आता.”

बाईंनी खडू काढला. फळीवर ठळक लिहिलं: डावी, साडेपाच. खाली: पाठ, साडेसात. मग खडू नणंदेच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटवली.

“सहा वाजायचेत अजून,” म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

“अगं, आता परत कुठे? शेजारच्यांनी विचारलं तर काय सांगू? ए!”

चपला पायांतच होत्या. बाई जिना उतरू लागल्या.