दोनदा विसळलेली भांडी

सुनंदाच्या भावाचा हुपरीहून फोन आला. "ताई, आमची सुनंदाअक्का गेली हो…" ऑपरेशनच्या जखमेत जंतू शिरले आणि एकही औषध त्यांना लागू पडेना. तसल्याच जंतूंना मारण्यासाठी आम्ही दोघींनी कोल्हापुरात प्रयोगशाळेतल्या एकाच टेबलावर उमेदीची वर्षं घालवली होती. पण काचेच्या प्लेटमधून माणसाच्या अंगात पोचायला आमच्या त्या औषधाला अजून बरीच वाट चालायची आहे.

काम ऐकायला सोपं. झाडपाल्याचा काढा सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात घालायचा. चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार झाले की पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस होतं. मी आजऱ्याची, माहेरून काजूची पानं पिशवी भरभरून आणायची. माझं पाणी मात्र दर वेळी दुधासारखं पांढरं. सुनंदानं त्याच पानांचा काढा घातला, आणि तासाभरात तांबूस! जंतू वाढवलेल्या प्लेटवर तिच्या थेंबाभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ वर्तुळ उमटलं, ते बघायला सरांनी सगळा विभाग गोळा केला. मी डोकं दुखतंय म्हणून घरी गेले. दुखत पोटात होतं.

दुसऱ्या दिवशी तीच जवळ आली. "अगं, तू भांडी नुसती नळाच्या पाण्यानं धुतीस की. आमच्या घरी तेजाबात विरघळलेल्या चांदीत मीठ टाकलं की असंच पांढरं होतंय. नळाच्या पाण्यातबी तसलंच कायतरी असतंय बघ. डिस्टिल्ड वॉटरनं दोनदा विसळ."

"मला शिकवू नकोस," मी म्हणाले. एवढी पुस्तकं वाचलेली मी, आणि चांदीचे पैंजण घडवणाऱ्याची पोरगी मला सांगणार!

ती जेवायला गेल्यावर मी गुपचूप दोनदा विसळलं. पाणी तांबूस झालं. "जमलं व्हय गं?" तिनं आनंदानं विचारलं. "हो, या वेळी कोवळी पानं घेतली," मी ठोकून दिलं. ती नुसती हसली… तिला कळलं होतं, असं मला आजही वाटतं. तिचा तो मोठेपणाही मला सोसला नाही.

पुढे मी शिकवू लागले. भांडी दोनदा विसळायची 'माझी पद्धत' माझ्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. परवा, त्या फोननंतर, प्रयोगशाळेतल्या बेसिनच्या वर एक कागद चिकटवला: 'नळाच्या पाण्यानंतर डिस्टिल्ड वॉटरने दोनदा विसळा. ही सुनंदाची पद्धत.' बरं वाटलं… मग त्याखाली आपलंही नाव असावं, असं वाटलं. पेनचं टोपण काढून मी बराच वेळ तिथंच उभी होते.