मेश्रामकाकांचं वर-खाली

मेश्रामकाका कुठल्याही यंत्राला आधी कान लावायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि आजूबाजूच्यांना हातानं गप्प करायचं. रायपूरला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायला आले, त्याच दिवशी त्यांनी माझा फ्रिज असा ऐकला. "पुण्याहून ट्रकात आडवा आणला का वो? मंग काहून लगेच चालू केला? बंद कर. उद्या पाहू," म्हणाले. घरमालक अंमळ चक्रम दिसतो, असं माझं मत झालं. दुसऱ्या दिवशी फ्रिज निमूट चालायला लागला आणि मत बदलणं भाग पडलं.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. काकू आधीच गेल्या होत्या आणि मुलगी बंगळूरला होती. "पोट्टीले मराठी सारं समजते, पण जवाब हिंदीत देते," असं ते हसत सांगायचे, पण ते हसू काही खरं नसायचं. मी त्यांच्याशी मराठी बोलते याचं त्यांना फार अप्रूप. मीही त्याचा पुरेपूर फायदा घेतला. ते "जाऊन राहिलो" म्हणाले की मी "जातोय" म्हणायची. त्यांनी माझं नाव मास्तरीण ठेवलं. मला त्याचा राग यायला हवा होता, पण मी चक्क सुखावायची.

एके दिवशी अंगणात एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. माझ्याहून वयानं मोठा, रंग उडालेला, पण इंजिन ठणठणीत. चालवत आणला होता बिसाहिननं. तिचा नवरा कारखान्यात काकांच्या हाताखाली खलाशी, म्हणजे मदतनीस, होता. तो वारल्यावर तेलीबांध्याच्या पुढच्या तिच्या गावात ती स्वतःच ट्रॅक्टरवर बसली आणि लोकांची शेणखतं, विटा वाहू लागली. ट्रॉली रिकामी करायची ती फावड्यानं, आणि त्यात तिची कंबर कामातून गेली. डॉक्टरांनी फावडं बंद करायला सांगितलं. मोठ्या दिरानं तर भंगारवालाही बघून ठेवला. ट्रॅक्टर गेला की बिसाहिननं दिराच्या चुलीपाशी बसायचं, हे ठरल्यासारखंच होतं.

"भंगार म्हणे! त्याच्या बापाले कळते का भंगार?" काका कडाडले. "बिसाहिन, तू दांडी सरकवशील आन् ट्रॉली आपोआप रिकामी होईन. मी करून देतो."

"हव कका," ती म्हणाली. छत्तीसगढी माणसाचा हा होकार इतका साधा असतो की तो पुरा करावाच लागतो.

त्या ट्रॅक्टरला मागचा नांगर तेलाच्या दाबानं उचलण्यापुरतंच हायड्रॉलिक होतं. ट्रॉली उलटवायला तेलाची आणखी एक वाट काढायची होती. काकांनी मोडीत निघालेल्या डंपरचा सिलिंडर आणला, जाड नळ्या आणल्या, सीटच्या बाजूला एका दांडीचा व्हॉल्व्ह बसवला. पहिल्या दिवशी सिलिंडर अर्धा वर गेला आणि थांबला. ट्रॅक्टरच्या पोटात तेवढं तेलच नव्हतं. मग ट्रकची जुनी हवेची टाकी कापून त्यांनी तेलाची वेगळी टाकी केली. मी ऑफिसातून येऊन विचारायची, "काका, झालं?" ते गाडीखालून म्हणायचे, "होऊन राहिलं, मास्तरीण, होऊन राहिलं." त्यांचं ते वाक्य मी कधी सुधारलं नाही, एवढी अक्कल मला होती.

शेवटी रंगाचा डबा माझ्या हातात देत ते म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं हाय. दांडीपाशी लिहून दे, ऊपर आन् नीचे."

मी म्हटलं, "काका, मराठी माणसाच्या हातचं काम, मग मराठीत का नको?"

ते डोकं खाजवत राहिले. मग खूश होऊन म्हणाले, "लिही बाई. या घरात कोणीतरी मराठी लिहून राहिलं, हेच खूप हाय."

मी झोकात लिहिलं: वर. खाली.

पहिल्या खेपेला बिसाहिन शेणखत भरून आली. काकांनी स्वतः दांडी ओढून ट्रॉली अर्धी उचलली. थोडं खत घसरलं, बाकीचं चिकटून राहिलं. "बाकी अब तुम करो, मैं पीछे देखता हूँ," असं तिला सांगून ते मागे गेले. तिथं एका जोडातून तेल पाझरताना दिसलं, म्हणून ते ट्रॉलीखाली लाकडी टेकू लावू लागले. बिसाहिन शाळेत हिंदी वाचायला शिकलेली. ट्रॉली पुरती रिकामी करायची होती, आणि दांडीपाशी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: खाली. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. तिनं दांडी तिकडे ढकलली आणि ट्रॉली धाडकन खाली आली.

टेकू होता म्हणून काकांचा हात वाचला. दोन बोटं मात्र गेली.

बिसाहिन रडत एकच सांगत होती, "अब मैं नइ छुअँव." दीर भंगारवाल्याला बोलवायला निघाला. दवाखान्यात पट्टी बांधलेल्या काकांनी तिला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "गलती मेरी है. लिखा मैंने था." माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जागच्या जागी थिजले.

ती गेल्यावर मी रडू लागले. ते म्हणाले, "गप राय. तुझं नाव घेतलं तं बिसाहिन म्हणन, शिकेल लोकायलेच समजत नाही, मले काय समजन? माझं घेतलं तं म्हणन, म्हातारा चुकला, आता आपणच ध्यान देऊ."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर फार सोयीचं होतं म्हणून पटलं.

टाके निघाल्यावर त्यांनी बिसाहिनला अंगणात बोलावलं. "'वर' म्हणजे काय समजली होतीस?" असं हिंदीत विचारलं. ती लाजत म्हणाली, "दूल्हा. सोचेंव, शुभ बर लिखे होही." नवरदेव या अर्थाचा वर, शुभ म्हणून लिहिला असेल, असं तिला वाटलं होतं. काका पोट धरून हसले आणि त्यांच्यामागून तीही हसली. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे नीचेला काय म्हणतात? ती म्हणाली, "खाल्हे." काका माझ्याकडे वळले. "पाय, शब्द तं जवळचाच हाय. 'ली' खोड, 'ल्हे' कर. आन् वरच्या जागी ऊपर." मी खाली मान घालून खोडलं आणि लिहिलं. ती सीटवर बसली, दांडी ओढली, आणि ट्रॉली संथपणे पुरी उलटली. दीर बघत उभा होता. भंगारवाला काही आला नाही.

वर्षभरानं काका झोपेतच गेले. घरी ठेवलेल्या बुद्धवंदनेला बिसाहिन ट्रॉलीत गावची माणसं घेऊन आली. सगळे पांगल्यावर ती पायरीवर माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "दीदी, ओ दिन कका झूठ बोले रहिस. मोला बचाय बर. गलती मोरे रहिस."

काकांनी खोटं बोलून मला वाचवलं, असं मी वर्षभर समजत होते. आणि ही इथं त्यांची दोन बोटं आपल्या माथी घेऊन रोज ट्रॅक्टर हाकत होती. मी म्हटलं, "बिसाहिन दीदी, वो मैंने लिखा था. कका तो ऊपर-नीचे ही बोल रहे थे. मैंने ज़िद की."

ती शिव्या घालेल असं वाटलं, घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"साल भर ले बने नींद नइ आए हे, दीदी," एवढंच ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरीसारखी रडली.