पार्नपू मास्तरांचं वाईट गाणं

पडदा वर जातो. तळ्याकाठच्या आमच्या गावाचं सांस्कृतिक भवन. शेगडी धुमसते आहे, ओल्या लोकरी कोटांचा वास सुटला आहे आणि आम्ही गायक बाकांवर बसून काळा पाव आणि धुरावलेला मासा खातो आहोत. मंचावर आमचे हेल्दुर पार्नपू मास्तर. गाणी रचायचे आणि आमच्याकडून गाऊनही घ्यायचे. समोर जिल्हा समितीचा माणूस.

"कॉम्रेड पार्नपू, राजधानीत, तालिनच्या गीतमहोत्सवाला यायचंय ना? मग ट्रॅक्टरवर एक गाणं करा. शब्द आम्ही देतो."

"आणि माझं जंगलाचं गाणं?"

"आधी हे. मग बघू."

महोत्सवाला न गेलेल्या गायकवृंदाला आमच्याकडे कुणी विचारत नाही. मास्तर कात्रीत सापडले. घरी बायकोला म्हणाले, "लैने, असं रद्दी गाणं करतो की पुन्हा कुणी ऐकायला मागणार नाही."

लैने बटाटे सोलत होती. "तुला जमेल? तुला साधं सूपसुद्धा वाईट करता येत नाही."

नाहीच जमलं. पहिल्या तालमीत दुसऱ्या ओळीला बायकांचा खालचा स्वर असा काही वर चढला की आम्ही गाता गाता थांबलो. साल्मे शिंपीण ओरडली, "मास्तर, हे तर गोड आहे हो!" मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. पण स्वरलिपी समितीकडे पोचली होती, आता गाणं बिघडवायची सोय नव्हती.

तालिनच्या मैदानात गाणं संपलं आणि लोक ओरडू लागले, "पुन्हा! पुन्हा!" अशी हाक आली की मास्तरांनी परत मंचावर चढायचंच, ही आमची रीत. गळ्यात ओकच्या पानांची माळ घालून ते चढले. गावच्या नाटकांत मी राजा व्हायचो, तेव्हाही मला एवढ्या टाळ्या मिळाल्या नाहीत, आणि एवढा केविलवाणा चेहरा मी कुठल्याच नटाचा पाहिला नाही.

पुढे प्रत्येक समारंभाला तेच गाणं. जंगलाचं गाणं कधी येणार, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "लोकांना हेच आवडतं, कॉम्रेड."

मग कॉम्रेडांचं राज्य गेलं. मास्तर नवा कोट घालून जंगलाचं गाणं घेऊन नव्या समितीकडे गेले. तिथला तरुण हसला. "ट्रॅक्टरवाले पार्नपू तुम्हीच ना? आजोबा, आता कशाला?"

कोट न काढताच ते तालमीला आले आणि आम्हाला सुरावटीचे साधे पलटे घ्यायला लावले. जंगलाचं गाणं त्यानंतर त्यांनी आमच्यासमोर कधी काढलंच नाही. ट्रॅक्टरची चाल मात्र गावभर होती. गाईंची धार काढतानासुद्धा बायका तीच गुणगुणायच्या.

मास्तरांच्या शेवटच्या दुखण्यात आम्ही इस्पितळात त्यांच्या खाटेभोवती उभे होतो. साल्मे डोळे पुसत म्हणाली, "मास्तर, तुम्हाला निरोप देताना जंगलाचंच गाऊ. आम्ही बसवतो."

त्यांनी मान हलवली. "वेळ कुठाय? कच्चं गाणं माझ्या थडग्यावर नको, साल्मे. बसलंय तेच गा. पण तोंड मिटून, नुसती चाल."