लाल फडक्यातले दोन गडू

पेच्चियम्माने म्हणे रामनाथस्वामीच्या पिंडीवर मढ्याची राख ओतली! रामेश्वरात आमच्या पूर्व गोपुराच्या गल्लीत ही बातमी सकाळची इडली संपायच्या आत पोचली, आणि दुपारपर्यंत त्या राखेत लोकांना दोन हाडंही सापडली. खरं सांगायचं तर पिंडीवर कणभरसुद्धा राख पडली नाही. पण पडता पडता राहिली, हेही तितकंच खरं.

पेच्चियम्माचा धंदा म्हणजे निळ्या ताडपत्रीखाली एक लांब फळी. यात्रेकरू समुद्रात बुडी मारून देवळातल्या बावीस विहिरींचं पाणी अंगावर घ्यायला आत जातात, तेव्हा कोरडे कपडे, चपला, पिशव्या तिच्याकडे ठेवतात. एकोणीस वर्षांत तिने कुणाला बिल्ला म्हणून दिला नाही. "मला माणसाचं तोंड पुरतं," असं ती मिरवायची. ही मिजास गल्लीत सगळ्यांना खुपायची, आणि ते ठाऊक असल्यामुळे ती आणखीच मिरवायची.

त्या सकाळी तिच्याकडे दोन गडू आले. पहिला राजमहेंद्रीच्या सत्यवतम्मांचा. सत्तरीची बाई, काशीहून गंगा घेऊन आलेली. विहिरींवरच्या गर्दीत धक्का लागेल म्हणून नाइलाजाने तिने गडू फळीवर ठेवला. "जमिनीला टेकवू नकोस हं. काशीपासून मांडीवर आणलाय." दुसरा करूरच्या इळंगोवनचा. त्यात त्याच्या वडिलांच्या अस्थी. समुद्रावर जायच्या आधी त्याला न्हाव्याकडे डोकं भादरून यायचं होतं. दोन्ही गडू तांब्याचे, दोन्ही लाल फडक्यात बांधलेले. पेच्चीने एक या टोकाला ठेवला, दुसरा त्या टोकाला.

तेवढ्यात एक शेळी आली आणि फडक्याचं टोक चघळू लागली. पेच्चीने दोन्ही गडू झटक्यात पदराखाली घेतले, शेळीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि गडू परत ठेवले. तिच्या मते जिथल्या तिथे.

सत्यवतम्मा विहिरी करून आल्या, कोरडं लुगडं नेसल्या, गडू छातीशी धरून दर्शनाला गेल्या. मग पेच्ची फळी पुसायला लागली. उरलेला गडू तिने उचलला, आणि आत पाणी डुचमळलं.

तिने तो कानाशी नेऊन हलवला. पुन्हा डुबुक. अस्थी कधी डुचमळतात का?

म्हातारी राख घेऊन गाभाऱ्याकडे निघाली होती. पुजारी फडकं सोडणार, झाकण काढणार आणि पिंडीवर गडू उपडा करणार. मग देऊळ बंद, शुद्धी, हजारो माणसं उन्हात ताटकळत, आणि पेच्चियम्माची फळी कायमची समुद्रात.

"फळी बघ गं!" असं शेजारच्या फुलवालीला सांगून ती गडू घेऊन पळाली.

दारावर मुत्तुराक्कू पहारेकरी. "काय अक्का, आज सूर्य कुठून उगवला? तुम्ही आणि देवळात? रांग तिकडे आहे."

"आत गेलेल्या एका म्हातारीचं औषध माझ्याकडे राहिलंय."

"गडूभर औषध?"

"काढा आहे. तुझ्या पोटालाही चालेल. देऊ?"

मुत्तुराक्कू हसून बाजूला झाला. (गल्लीत बातमी कुणी नेली, ते निराळं सांगायला नको.)

ओरडायची सोय नव्हती. "राख" हा शब्द एकदा तोंडातून गेला असता तर रांगेत चेंगराचेंगरीच. ओवरीतली फरशी यात्रेकरूंच्या ओल्या कपड्यांनी निसरडी झालेली. पेच्ची एका खांबाला धरून सावरली, दुसऱ्यावर आपटली. रांगेत जिकडेतिकडे पांढरे अंबाडे. सगळ्या म्हाताऱ्या पाठीमागून सारख्या! एकीचा खांदा धरला तर ती भलतीच निघाली आणि खेकसली, "मध्ये घुसतेस? लाज नाही?"

घंटा वाजली. रांग पुढे सरकली. आणि दिसल्या सत्यवतम्मा. त्यांच्यापुढे अकरा माणसं, मग पुजारी.

"अम्मा, गडू द्या."

"देणार नाही."

"अम्मा, तो तुमचा नाही."

"काशीपासून आणलाय मी! चोर आहेस का?" मागची माणसं वळून पाहायला लागली. अकराचे नऊ झाले.

पेच्चीने एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं. हातातला गडू म्हातारीच्या कानाशी धरून हलवला. डुबुक. मग बोटाने खूण केली, आता तुमचा. म्हातारीने हलवला. आत कोरडं काहीतरी खुळखुळलं.

आठ माणसं उरली. आता ही किंचाळणार, म्हणून पेच्चीने डोळे मिटले. म्हातारी किंचाळली नाही. तिने गडू पेच्चीच्या हातात दिला, आपला घेतला आणि मुकाट्याने रांगेतून बाहेर पडली.

"विटाळ झाला. पुन्हा बावीस विहिरी," ती दात आवळून म्हणाली. "तुझ्या नावाने करते. पुण्य माझं, थंडी तुला."

"माझ्या अंगात आधीच भरलीय, अम्मा."

फळीपाशी इळंगोवन उभा होता. डोकं तुळतुळीत, नजर रिकाम्या जागेवर. "अक्का, बाबा कुठे आहेत?"

पेच्चीला खोटं सुचलं नाही. तिने सगळं सांगितलं आणि शिव्यांची वाट पाहत उभी राहिली. पोरगा खाली बसला. त्याला हसू येत होतं की रडू, ते त्यालाच कळेना.

"जन्मभर काळा सदरा घातला त्यांनी," तो म्हणाला. "देव नाही, असं सभांमधून सांगत फिरले. देवळाची पायरी चढले नाहीत. आईच्या हट्टापायी त्यांना इथवर आणलं, तेच मला टोचत होतं. आणि अक्का, तुम्ही तर त्यांना थेट गाभाऱ्यापर्यंत पोचवलंत!"

पेच्चियम्माने पदराने गडू पुसला, त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "गाभाऱ्यापर्यंत कुठले? आठ माणसं पुढे असतानाच मी ओढून आणलं त्यांना. दर्शन काही झालेलं नाही. त्यांचा नेम शाबूत आहे."