पहिला हात

दुपारचा डबा खाऊन मी डॉक्टरीणबाईंच्या रिकाम्या हॉलमध्ये गोणपाटावर जरा टेकते. डोळे मिटलेत, पण भिजवलेल्या वॉलपेपरचा ओला वास येतोय. अकरा वर्षांपूर्वी हा कागद लावायचं काम आम्हा नवराबायकोचंच. आता बाईंना तिथं टेक्श्चर पेंट पाहिजे. एकटीनं घेतलेलं माझं हे पहिलं काम, आणि सकाळी स्विचबोर्डाजवळ कोरडाच कागद ओढला तर त्याच्यासकट गिलाव्याचा पोपडाच हातात आला. अख्खी भिंत अशीच निघाली तर माझं नाव गेलंच म्हणायचं.

"शालन, पाय काढ. बादली ठेवू दे."

आमचे हे. धोंडीराम पेंटर, दोन वर्षांपूर्वी गेलेले. डोक्याला तोच टॉवेल, हातात खरवडायची पत्ती. मला रडू यायला पाहिजे, पण मी भांडायलाच उठते.

"अहो, खरं सांगा. या भिंतीला कागदाआधी प्रायमरचा हात मारला होता का नाही?"

"मारला होता की."

"कधी? मी जत्रेला गेले, संध्याकाळी येऊन बघते तर कागद लागलेला."

"तू जत्रेत होतीस. मी काय झोपलो होतो?"

मी गावभर सांगत सुटले होते, आमच्या ह्यांनी प्रायमर खाल्ला म्हणून. हे नुसते हसायचे.

भिंत आता आमच्या स्वयंपाकघराची आहे. चुलीवर पाणी तापतंय. ते पाणी घ्यायला मी वाकते तर गुडघाभर नदीत उभी आहे, आणि नदी कोमट आहे. कागदावरची निळी फुलं पाण्यावरनं चाललीत. हे वाकून एक कोपरा पकडतात.

"कोरडा कागद वरनं ओढलास, होय ना? खालनं धर. तिरका. भिजू दे, घाई नको."

"आणि तो पोपडा?"

"तिथं मागं नळाची पाईप आहे, ओल धरते. ते माझ्या नावावर खपवू नको."

कागद सरसर निघत येतो.

"अहो, चहा तरी घ्या."

"तुझा चहा म्हणजे पाक. चल, उशीर होतोय मला."

मी जागी होते. उन्हाची तिरीप फरशीवर जेमतेम वीतभर सरकलीय. गुडघ्यांवरच भिंतीशी जाते, खालचा कोपरा नखानं सोडवते, तिरका ओढते. कागद अखंड वर येतो. गिलावा जागचा हलत नाही. आत पांढराशुभ्र प्रायमर.

आणि गुडघ्याच्या उंचीवर, ओल्या प्रायमरमध्ये बोटानं ओढलेली वाकडी अक्षरं: शालन, दिलाय बघ प्रायमर.

जाईपर्यंत नऊ वर्षं एवढी बोलणी खाल्ली, पण शब्दानं बोलले नाहीत. हा कागद कधीतरी मीच काढणार, हे त्यांना माहीत होतं. मी हसते आणि हसता हसता रडते. अक्षरांच्या खाचेत माझं बोट फिरवून बघते.

कानामागची पेन्सिल काढून खाली लिहिते: बघितलं. चुकलं माझं.

मग पॉलिश पेपर उचलते आणि तेवढी जागा सोडून बाकीची भिंत घासायला घेते.