पशुपतिनाथाचं माकड

नेपाळच्या यात्रेत सीमा ओलांडताच भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, दारव्ह्याहून आणलेली माझी चटणीची बरणी बसबाहेर फेकली. "परदेशात हा वास कायले?" पुढे घाटात बस बंद पडली अन् आम्ही कोरड्याच पोळ्या चावल्या. त्यात दर देवळात त्यांचा हुकूम: "इकडेतिकडे पाहू नको, डोळे मीट!"

पशुपतिनाथाच्या पायऱ्यांवर एक माकड त्यांच्या चष्म्याकडे सरकताना मला दिसलं. मी हात जोडले अन् डोळे घट्ट मिटले. "चष्मा नेला!" असं भासरे ओरडले तेव्हाच उघडले.

"सांगितलं काहून नाही?"

"दादा, मी डोळे मिटून होते. तुमचंच ऐकलं."

हे फक्त डोळ्यांचं झालं. बरणीचं मी अजून विसरले नाही.