मामाला उशीर होत होता

मामा गेला त्या दिवशी सकाळी तो घरात सगळ्यांच्या आधी उठला होता. आईला वाटलं, ह्याच्या पोटात दुखतंय. दुसरं काही कारण असूच शकत नव्हतं. आई पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांच्या कपड्यांना इस्त्री करते, तिथे मामा बनियनवर येऊन उभा राहिला आणि म्हणतो कसा, "ताई, माझा शर्ट आधी घे गं. उशीर होतोय."

आईच्या हातातली इस्त्री हवेतच राहिली. एवढं वय झालं तरी हे वाक्य तिच्या भावाच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

बाबा आतून ओरडले, "आता कुठला कोर्स, मेव्हणे? घोड्यांना नाल ठोकायचा?"

"कोर्स नाही भाऊजी. काम. आज पहिला दिवस."

बाबा चहाचा कप घेऊन बाहेर आले, नीट बघायला.

बाबांचंही काही चूक नव्हतं. मामा टायपिंग शिकला, शिवण शिकला, फ्रिज दुरुस्ती शिकला, केक करायला सुद्धा शिकला. कोर्स संपला की नोकरी शोधावी लागते, म्हणून तो संपायच्या आतच हा दुसरा कोर्स शोधायचा. शेजारी विचारायचे, भाऊ काय करतो? आई सांगायची, शिकतोय. केस पांढरे झाले तरी शिकतोयच. बाबा म्हणायचे, "हा पेन्शन मागायला मास्तरांकडे जाणार बघ." आई उलट बोलायची नाही. तिच्या मनात एकच होतं, आपले डोळे मिटायच्या आत ह्याने आपणहून कामावर जावं. ढकलून नाही. ढकलून तिने दोनदा पाठवला होता, दोन्ही वेळा हा जेवायला घरी हजर.

हा रोबोटचा कोर्सही त्याने धरला तो वर्गात एसी आहे म्हणून. रोबोट म्हणजे माणसासारखा नाही, टेबलावर बसवलेला नुसता लोखंडी हात. तो धरून त्याला एकदा काम करून दाखवायचं, की तो तसंच्या तसं करत राहतो. मामाने दाखवलं, इथला डबा उचल, तिथे ठेव. सरांनी बटण दाबलं. हाताने डबा उचलला, अर्ध्यात गेला आणि लोंबकळत राहिला. मग जरा भलतीकडेच वळला, परत आला आणि कसाबसा डबा ठेवला.

"हा मध्येच का थांबला?" सर म्हणाले.

"तेव्हा मला जांभई आली होती सर."

"आणि तिकडे कुठे निघाला?"

"खिडकीत मांजर होतं."

वर्ग हसून हसून आडवा. सरही वस्ताद, त्यांनी मशीन बंदच केलं नाही. हात डबा उचलतोय, जांभई देतोय, मांजर बघतोय, पुन्हा उचलतोय. मामाही आधी हसला. मग हसायचा थांबला.

घरी येऊन आईला म्हणाला, "ताई, मी काम करताना असा दिसतो का गं?"

"मला काय माहीत? तुला काम करताना मी बघितलंय कुठे?"

हे त्याला लागलं. दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुटला तरी हा तिथेच. करून करून शेवटी हात असा चालायला लागला की सर म्हणाले, लोणी आहे लोणी. मग कोर्स संपला आणि मामा घरात पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरायला लागला. हात चालवायची चटक लागली होती, आणि हात तर कारखान्यात. एकेका गेटवर जाऊन विचारायचा, "तुमच्याकडे तो लोखंडी हात आहे का?" पगार किती, सुट्टी किती, काही नाही. बऱ्याच वॉचमननी हाकलून दिला. एका ठिकाणी हात होता आणि माणूस हवा होता.

तर त्या दिवशी तो निघाला. आई दारातून बघत होती. कोपऱ्यावर तो चक्क पळाला. बस सुटत होती म्हणून पळाला, पण पळाला.

दुपारी जेवायच्या सुट्टीत बाकावर बसला आणि बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

लोक भेटायला आले. शेजारीण म्हणाली, "बिचारा. कामाची सवय नव्हती ना अंगाला." आईला आतून वेगळंच खात होतं. तो खरंच मनापासून कामावर गेला होता, का आपलं मन राखायला? का तिथेही टंगळमंगळच करत बसला असेल?

पुढच्या आठवड्यात कारखान्यातला एक माणूस आला. मामाच्याच मशीनवरचा, जुना, पोट सुटलेला. खुर्चीच्या कडेवर बसला. "चांगला होता," म्हणाला. चहा प्यायला. चुळबुळ केली.

"गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये ताई, पण..."

"बोला ना."

"मला मशीनला हात लावू दिला नाही हो त्याने! मी म्हटलं, अरे भल्या माणसा, आता माझी पाळी. तर मलाच म्हणतो, तुम्ही बसा निवांत. जेवायची घंटा झाली तरी हलेना. दंडाला धरून बाहेर काढला मी. पहिल्याच दिवशी दुसऱ्याचं काम ओढून घेतं का कुणी? साहेबांकडे तक्रार करणार होतो. आता कुणाकडे करू?"

आईने पदर डोळ्यांना लावला. ती हसत होती का रडत होती, त्या माणसाला कळेना, तो बिचारा उठायलाच लागला.

"बसा, बसा," आईने बिस्किटांची बशी पुढे सरकवली, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यांदा हाक मारली, "अहो, बाहेर या! त्याच्या कामावरून तक्रार आलीय!"

बाबा आले. स्टूल ओढून त्या माणसाच्या समोर बसले.

"हं," म्हणाले, "पहिल्यापासून सांगा."